इंजिन रात्रीत खाली बसतं, रिव्हर्सला उचलतं: अख्खं ट्रिम युनिट बदलण्याआधी

देवबागच्या एका बोटमालकांचा प्रश्न आहे. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतात ती बोट, तिच्यावर 60 एचपीचं फोर-स्ट्रोक ओबीएम (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, आउटबोर्ड मोटर), पाच सीझन झालेलं. नारळी पौर्णिमा झाल्यावर ताडपत्री काढली, बोट पाण्यात ढकलली आणि तीन गोष्टी लक्षात आल्या. संध्याकाळी इंजिन पूर्ण वर उचलून ठेवलं तर सकाळी पंखा पाण्यात. धक्क्याला लागताना रिव्हर्स मारला की इंजिन आपोआप वर उचलतं आणि बोट थांबायचं नाव घेत नाही. शिवाय अधूनमधून ट्रिमचं, म्हणजे इंजिन वर-खाली करायचं, बटण दाबलं तर नुसतं ‘टक’ वाजतं, पुढे काही नाही. सर्व्हिसवाल्याने काही न उघडताच ‘पूर्ण ट्रिम युनिट बदला’ म्हणून आकडा सांगितला. तो ऐकून ते विचारतायत, की खरंच बदलायला हवं, की घरच्या घरी काही करता येईल?

उत्तर आधी देऊन टाकतो, कारण सीझन तोंडावर आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून युनिट बदलायची वेळ आली आहे असं मला वाटत नाही. बहुधा एका स्क्रूवरच्या दोन-तीन ओ-रिंगा (गोल रबरी कड्या), एक डबा ऑइल आणि एक स्वच्छ कनेक्शन एवढ्यावर भागेल. ‘बहुधा’ म्हणतोय, कारण इंजिन मी डोळ्यांनी बघितलेलं नाही, आणि पाच सीझनमध्ये त्याला गोडं पाणी किती वेळा लागलं यावर बरंच अवलंबून आहे. मालवणात वीस-बावीस वर्षं ओबीएमची कामं करतोय. एकाच वर्षी एकाच दुकानातून घेतलेली दोन इंजिनं, एक रोज धुतलेलं आणि एक न धुतलेलं, पाच वर्षांनी भावंडंसुद्धा वाटत नाहीत.

तुमच्या तक्रारी तीन असल्या तरी दुखणी दोनच आहेत. खाली बसणं आणि रिव्हर्सला उचलणं ही हायड्रॉलिकची, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या भागाची, आणि माझ्या मते एकाच मुळाची. ‘टक’ वाजून गप्प बसणं ही विजेची, तिचा पहिल्या दोघांशी संबंध नाही. सर्व्हिसवाल्याने तिन्ही एका गाठोड्यात बांधली म्हणून औषध एवढं महाग झालं.

आत काय चालतं ते डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. तुमच्या इंजिनला ब्रॅकेटच्या, म्हणजे इंजिन बोटीला धरणाऱ्या चौकटीच्या, मध्ये एकच जाड सिलिंडर असणार (मोठ्या इंजिनांना तीन असतात, मधला टिल्टचा म्हणजे इंजिन पूर्ण वर उचलणारा, आणि बाजूचे दोन ट्रिमचे म्हणजे थोडा कोन बदलणारे). शेजारी 12 व्होल्टची छोटी मोटर, तिच्याखाली दोन दातेरी चाकांचा पंप आणि ऑइलची टाकी. ‘अप’ दाबलं की पंप पिस्टनच्या खाली ऑइल ढकलतो, दांडा बाहेर येतो, इंजिन उचलतं. ‘डाऊन’ दाबलं की मोटर उलटी फिरते आणि ऑइल पिस्टनच्या वरच्या बाजूला जातं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. गंमत बटण सोडल्यानंतरची आहे. पंप थांबला, मोटर थांबली, मग शंभर किलोच्या वरचं ते धूड हवेत कोण धरून ठेवतं? पंप धरत नाही. वाटाण्याएवढ्या चेक व्हॉल्व्हची बैठक आणि काही रबरी कड्या धरतात. ऑइल परतीच्या वाटेने निघालं की तो व्हॉल्व्ह दार लावून घेतो आणि कोंडलेल्या ऑइलवर इंजिन उभं राहतं. त्या दारात केसाएवढी फट पडली तरी रात्रभरात इंजिन खाली येतं. आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही, कारण ऑइल आतल्या आत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलेलं असतं. ‘गळती तर कुठेच नाही हो’ असं म्हणत लोक येतात, त्यांना मी हेच सांगतो.

रिव्हर्सचं गणित याच्या उलट. पुढे जाताना पंखा इंजिनाला बोटीकडे दाबतो. रिव्हर्समध्ये तोच पंखा खालचा भाग बोटीपासून लांब, मागे आणि वर ओढतो. त्या वेळी इंजिनाला खाली धरून ठेवायचं काम पिस्टनच्या वरच्या बाजूच्या ऑइलचं. म्हणजे रात्री खाली बसणं हे एका बाजूचं ढिलेपण आणि रिव्हर्सला उचलणं हे दुसऱ्या बाजूचं. फक्त पहिलं असतं तर मी एका बाजूचा व्हॉल्व्ह धरला असता, फक्त दुसरं असतं तर दुसऱ्या. तुमच्याकडे दोन्ही एकदम, एकाच पावसाळ्यानंतर सुरू झालंय. दोन वेगळे व्हॉल्व्ह एकाच महिन्यात बिघडायला ते काय ठरवून बसले होते? अशा वेळी दोन्ही बाजूंना सामाईक काय आहे ते शोधायचं.

सामाईक गोष्टी तीन. एक, ऑइल कमी असणं किंवा त्यात हवा शिरणं. दोन, मॅन्युअल रिलीजचा स्क्रू. तीन, पिस्टन स्वतः, म्हणजे त्याची सील आणि त्याच्यातले शॉक व्हॉल्व्ह. तपासायचं याच क्रमाने, कारण खर्चाचा आणि घामाचा क्रमही हाच आहे.

हात लावण्याआधी एक गोष्ट, आणि ही ‘सांगायचं म्हणून’ सांगत नाहीये. ज्या इंजिनाचं हायड्रॉलिक धरत नाही म्हणून आपण काम काढलंय, त्याच हायड्रॉलिकवर विश्वास ठेवून त्याच्याखाली हात घालू नका. इंजिन पूर्ण वर न्या, ब्रॅकेटवरचा टिल्ट सपोर्टचा खटका लावा, आणि वर लाकडाचा ठोकळा द्या किंवा इंजिनाला दोर टाकून वरच्या आधाराला बांधा. खटका एकटा पुरत नाही, गंजलेला खटका सटकलेला मी बघितलाय. त्या दिवशी माझ्या हाताखालच्या पोराची बोटं वाचली ती फक्त तो शिंकायला मागे सरला म्हणून.

आता ऑइल. टाकीचं झाकण इंजिन पूर्ण वर असतानाच उघडायचं, म्हणजे दांडा पूर्ण बाहेर. पातळी बघायची ती याच स्थितीत, आणि आत दाबही याच स्थितीत सगळ्यात कमी असतो. सुरुवातीच्या दिवसांत एकदा मी घाईत अर्ध्या खाली असलेल्या इंजिनाचं झाकण फिरवलं. ऑइलची चिळकांडी थेट तोंडावर, शर्ट गेला तो गेलाच. तेव्हा झाकण हळूहळू, फडकं धरून उघडा. ऑइल भोकाच्या तोंडाला लागेल एवढं हवं.

पातळीपेक्षा रंग जास्त बोलतो. बहुतेक कंपन्या यात ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं लाल ऑइल सांगतात, आपल्याकडे दुकानात ते पॉवर स्टिअरिंगचं ऑइल म्हणूनही मिळतं. काही कंपन्यांचं स्वतःचं ट्रिम ऑइल असतं. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात असेल तेच आणा. चांगलं ऑइल कोकमाच्या आगळासारखं लाल आणि पारदर्शक दिसतं. त्यात पाणी शिरलं की त्याची सोलकढी होते. तसं गुलाबी, दुधट दिसलं तर फक्त वर भर घालून उपयोग नाही. सगळं काढून नवीन भरावं लागेल, आणि पाणी शिरलं कुठून ते शोधावं लागेल. बहुतेक वेळा ते दांड्याच्या तोंडाशी असलेल्या सीलमधून शिरतं. काळं आणि जळकट वास असेल तर ते जुनं झालंय. पितळी किंवा चंदेरी कण चमकत असतील तर मात्र पंप झिजतोय, आणि तेव्हा सर्व्हिसवाल्याचं म्हणणं जरा कान देऊन ऐका.

ब्रेक ऑइल चुकूनही घालू नका. ‘हायड्रॉलिकच ना, मग चालतंय की’ म्हणून घातलेलं एक इंजिन माझ्याकडे आलं होतं. आतलं प्रत्येक रबर फुगून मऊ पडलं होतं, ओ-रिंग बोटांत धरली तर गुलाबजामसारखी दबत होती. त्याचं जवळजवळ सगळंच बदलावं लागलं.

ऑइल कमी निघालं, तर ते गेलं कुठे हा प्रश्न उरतो. सगळं युनिट फडक्याने कोरडं पुसा, खाली पुठ्ठा ठेवा, दहा-बारा वेळा वर-खाली करा. दांड्यावर लाल ओघळ आला तर तोंडाचं सील. मोटर आणि पंपाच्या जोडावर ओल आली तर तिथली रिंग. बोट पाण्यात असेल तर मागे इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसतो, तोही पुरावाच.

आता तो स्क्रू. ब्रॅकेटच्या बाजूला एक गोल भोक असतं, आत रुंद खाच असलेला स्क्रू. बॅटरी संपली तर इंजिन हाताने उचलता यावं म्हणून तो दिलेला असतो. तो सैल केला की पिस्टनच्या दोन्ही बाजू आणि टाकी एकमेकींना मिळतात आणि इंजिन मोकळं होतं. म्हणजे तो नीट बंद नसेल, तर तुम्ही लिहिलेली दोन्ही लक्षणं एकदम दिसणारच. माझे उस्ताद कुठलंही ट्रिमचं काम आलं की टपरीवरूनच ओरडायचे, ‘आधी इस्क्रू बघ, मगे बाकीचा सगळा.’ पावसाळ्यात बोट वर ओढताना कुणीतरी इंजिन हाताने उचलायला तो सैल केला आणि नंतर अर्धवट आवळला, हे दर वर्षी दोन-तीन बोटींना होतंच. तुमच्याकडे जूनमध्ये बोट कुणी ओढली ते आठवा.

भोकातली माती-मीठ गोड्या पाण्याने धुऊन काढा. खाचेत घट्ट बसेल असा रुंद पेचकस घ्या. अरुंद पेचकसाने खाच एकदा सोलली की साध्या कामाचं मोठं काम होतं. घड्याळाच्या दिशेने फिरवून बघा. जर तो अर्धा-पाऊण आटा फिरला, तर अर्धी लढाई तिथेच जिंकलात. बसेपर्यंत आवळा, त्यापुढे जोर नको. फिरतच नसेल तर गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर सोडा, हातोडा उचलू नका.

घट्ट असूनही इंजिन बसत असेल तर तो पूर्ण बाहेर काढायचा. आधी इंजिन खटक्यावर आणि ठोकळ्यावर असल्याची पुन्हा खात्री करा, खाली पसरट भांडं ठेवा, कारण ऑइल येणारच. काही मॉडेलांत तो सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने) अडवलेला असतो, ती न काढता जोर केला तर आटे जातात. बाहेर आल्यावर त्याच्यावरच्या ओ-रिंगा नखाने चाचपा. चपट्या झालेल्या, कडक झालेल्या किंवा कुठे कापलेल्या असतील तर तेच तुमचं दुखणं. नवीन त्याच मापाच्या, ऑइलला टिकणाऱ्या रबराच्या घ्या. सायकलच्या दुकानातल्या रबरी कड्या नकोत. बसवण्याआधी त्याच ऑइलचं बोट लावा, कोरडी रिंग आत जाताना वळते आणि कापली जाते.

आणि भोकात टॉर्च मारून बघा. हे मी ठोकर खाऊन शिकलो. तारकर्लीच्या एका बोटीचं अगदी तुमच्यासारखंच लक्षण होतं. स्क्रूच्या रिंगा बदलल्या, फरक नाही. मग मी शहाणपणा केला, सगळं युनिट उतरवलं, पिस्टनची सीलं बदलली, दोन दिवस घातले. बसवलं, तर सकाळी पंखा पुन्हा वाळूत. मालक काही बोलला नाही, पण त्याचं न बोलणंच ऐकू येत होतं. शेवटी स्क्रू पुन्हा काढला, भोकात उजेड टाकला, तर तळाच्या बैठकीवर वाळूचा एक कण बसलेला. मी रिंगा बदलताना तोच आत ढकलला होता. ऑइलने धुतला, स्क्रू लावला, आणि ते इंजिन पुढे तीन सीझन हललं नाही. त्या दोन दिवसांचे पैसे मी घेतले नाहीत. तेव्हापासून काम वाळूत करत नाही आणि स्क्रू काढण्याआधी भोवतीचं सगळं धुऊन, हवा मारून घेतो.

ऑइल भरलं, स्क्रू झाला, की आतली हवा काढायची. यासाठी वेगळा नट वगैरे शोधत बसू नका, बहुतेक युनिटं स्वतःच हवा टाकीत सोडतात. झाकण लावून इंजिन पूर्ण वर, पूर्ण खाली असं चार-पाच वेळा करा. दोन्ही टोकांना बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा, मोटरचा आवाज बदलला की सोडा. मग पूर्ण वर नेऊन खटका लावा, पाच मिनिटं थांबा, फेस बसू द्या, झाकण उघडून भर घाला. पातळी उतरायची थांबेपर्यंत हेच. हवा असलेलं इंजिन ओळखायला सोपं: वर जाताना धक्के देत जातं आणि पंप कण्हल्यासारखा आवाज करतो. हवा दबते, ऑइल दबत नाही. म्हणून हवा असली की रिव्हर्समध्ये इंजिन आधी थोडं उचलतं आणि मग अडतं.

आता परीक्षा. बोट वाळूवर किंवा ट्रॉलीवर घ्या, भोवती पोरंबाळं नकोत. इंजिन बऱ्यापैकी वर न्या, पण खटक्यावर ठेवू नका. दांड्याची चकाकणारी लांबी टेपने मोजून लिहून ठेवा. सकाळी पुन्हा मोजा. रात्री ऑइल थंड होऊन आकसतं, त्यामुळे बोटभर फरकाला मी किंमत देत नाही. वीतभर असेल तर दुखणं आहेच. रिव्हर्सची परीक्षा पाण्यात, बोट दोराने धक्क्याला पक्की बांधून, इंजिन पूर्ण खाली ठेवून, कमी रेसवर. एकाने इंजिनाकडे बघायचं, एकाने लीव्हरवर हात. दोन्ही कामं एकट्याने करायला जाऊ नका.

इतकं करून पुन्हा तेच असेल तर संशय पिस्टनवर जातो. पिस्टनमध्ये छोटे छर्रे आणि स्प्रिंगा असतात, त्यांना शॉक व्हॉल्व्ह म्हणतात. चालत्या बोटीचं इंजिन खडकाला आपटलं तर ते उघडतात, ऑइल पलीकडे जाऊ देतात आणि इंजिन वर उडून धक्का जिरवतं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे बुडीत खडक किंवा कर्लीच्या मुखाशी ओहोटीला उघडा पडणारा वाळूचा दांडा तुमच्या तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) काही नवे नाहीत. गेल्या सीझनला असा जोरदार दणका बसला होता का, हे त्याला प्रेमाने विचारा. ओरडून विचारलंत तर ‘नाही’ असंच उत्तर येईल. दणक्यानंतर एखाद्या छर्‍याखाली कचरा अडकतो आणि तो व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मग रिव्हर्सला उचलणं सुरू होतं.

हे काम घरचं नाही. सील किट फार महाग नसतं, मेहनत असते ती युनिट उतरवण्यात. दांड्याला धरणाऱ्या पिना स्टीलच्या, ब्रॅकेट अ‍ॅल्युमिनियमचं, मध्ये पाच वर्षांचं खारं पाणी. दोन धातू खाऱ्या पाण्यात शेजारी आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, त्याची पांढरी भुकटी फुगून पिनेला असं आवळते की हातोड्याने पिनेचं डोकं पसरतं पण पीन तसूभर सरकत नाही. मी स्प्रे, बेताची उष्णता, पुन्हा स्प्रे, आणि मग जॅकसारखा ओढणारा फ्रेम असं दोन-दोन दिवस करतो. सिलिंडरच्या टोपीला दोन भोकं असतात, तिला दोन दातांचा पाना लागतो. पाइप पाना लावणाऱ्याकडून आपलं इंजिन ताबडतोब परत घ्या. सर्व्हिसवाले अख्खं युनिट बदला म्हणतात त्यामागे नुसता लोभ नसतो, हेही सांगायला हवं. या पिनांशी झुंजण्यात गेलेल्या वेळाचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, हा त्यांचा अनुभव असतो.

युनिट खरंच बदलावं असं मी कधी म्हणतो? दांड्यावरचं क्रोम उडून खड्डे पडले असतील तर नवीन सील लावणं म्हणजे कानशीवर रेशीम ओढणं, महिन्यात फाटणार. तेव्हा निदान दांडा तरी नवा हवा. पंपाचं घर आतून खाल्लेलं असेल, ऑइलमध्ये धातूचे कण असतील, आणि वरून मोटरही गंजून गेली असेल, तर मग तुकडे-तुकडे बदलण्यात अर्थ नाही. यातलं एकच असेल तर तेवढंच बदला.

आता ‘टक’. हे ऐकायला येतं ही चांगली बातमी आहे. ‘टक’ वाजतो रिले, म्हणजे बटणाच्या छोट्या विजेवर मोटरची मोठी वीज जोडणारा स्विच. म्हणजे बटण, त्याचा फ्यूज आणि रिलेची गुंडाळी इथपर्यंत वीज येतेय. अडलंय ते त्याच्या पुढे: रिलेच्या आतले जळलेले टोक, कनेक्टर, अर्थची तार, किंवा मोटरचे ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे). आणि कधीकधी साधी दमलेली बॅटरी. तीन महिने चार्ज न केलेली बॅटरी रिलेचं ‘टक’ कसंबसं वाजवते, पण ट्रिमच्या मोटरला हात टेकते. बॅटरी पूर्ण चार्ज करून मगच पुढे जा.

मोटरला दोन जाड तारा जातात. बहुतेक इंजिनांत निळी वर नेण्याची, हिरवी खाली आणण्याची. निळं आभाळ वर, हिरवं गवत खाली, एवढं लक्षात ठेवलं की झालं. मल्टिमीटर लावून बटण दाबा. बॅटरीवर 12 च्या आसपास आणि मोटरच्या तारेवर 9 असेल तर मधले तीन व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय. कनेक्टर उघडून बघा. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसं आतलं तांबं कळकून हिरवं झालेलं दिसेल. घासून, स्प्रेने धुऊन, पातळ ग्रीस लावून पुन्हा जोडा. इन्शुलेशनच्या आत तार काळी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा जोडा, वर नुसती टेप गुंडाळू नका.

मोटरपाशी व्होल्टेज पूर्ण पोचतंय तरी ती गप्प असेल, तर बटण दाबून धरायला सांगा आणि मोटरच्या डब्यावर पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकेच टोका. फिरली तर ब्रश संपत आलेत. असं टोकून दिवस काढता येतात, पण एखाद्या दुपारी ओहोटीला वाळूच्या दांड्यावर ती फिरणार नाही. मोटरचा डबा पत्र्याचा असतो, रंग उडाला की गंजतो, भोक पडतं आणि पाणी थेट ब्रशपर्यंत जातं. वर्षातून एकदा खरवडून रंगवा. फक्त मोटर सुटी मिळते, तिच्यासाठी युनिट बदलायचं कारण नाही. बॅटरीवरून थेट तारा लावून मोटर तपासणार असाल तर आधी इंजिनाचं कव्हर काढून पेट्रोलचा वास जाऊ द्या, ठिणगी उडतेच.

पुढच्या मे महिन्यासाठी दोन गोष्टी, कारण तुमचं दुखणं मला पावसाळ्यातलंच वाटतंय. बोट वर ओढल्यावर बहुतेकजण इंजिन उचललेलंच ठेवतात, तीन महिने. त्या काळात दांडा पूर्ण बाहेर, त्याच्यावर खारी हवा, झावळ्यांतून ठिबकणारं पाणी. बोट जमिनीवर आहे, तर इंजिन सरळ खाली सोडून ठेवा. दांडा ऑइलात राहतो आणि इंजिनातलं पाणीही निथळून जातं. सीझनमध्ये पाण्यात उभ्या बोटीचं इंजिन मात्र वर हवंच, नाहीतर खालच्या भागावर खरबरीत शिंपले धरतात. तिथे रोज संध्याकाळी दांड्यावर बादलीभर गोडं पाणी ओता, एवढं पुरे. दुसरं, ब्रॅकेटच्या खाली झिंकची पट्टी असते. ती स्वतः झिजून बाकीच्या धातूला वाचवते. दर वर्षी बोट रंगवताना कुणीतरी हौशीने तिच्यावरही निळा रंग मारतो. रंगवलेलं झिंक झिजत नाही, म्हणजे कामच करत नाही, मग झिजतं ते ब्रॅकेट. तुमची पट्टी पाच वर्षांत नव्यासारखी राहिली असेल तर खूश होऊ नका, खरवडून बघा.

आधी ऑइलचा रंग बघा आणि स्क्रू किती फिरला ते बघा, मग टेपने रात्री किती उतरलं ते मोजा. या तीन गोष्टी आणि दांड्याचा जवळून काढलेला फोटो कळवलात, तर पिस्टनपर्यंत जावं लागेल की नाही ते मी बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकेन. तोवर रिव्हर्सवर भरवसा ठेवून धक्क्याला वेगात येऊ नका, आणि बोटीत पर्यटक असताना तर नाहीच.